बीबीसी मायक्रो सुरू होतो, मग डिस्क बूट का होत नाही?

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी गोव्यातलं प्रत्येक घर एकदा आतून-बाहेरून उलटंपालटं होतं. दोन वर्षांपूर्वी माटोळीच्या (गणपतीवर फळं-भाज्या टांगायच्या लाकडी चौकटीच्या) वरची जळमटं काढताना आमच्या फोंड्याच्या घराच्या माळ्यावरून एक खोका खाली आला. आत बीबीसी मायक्रो, मॉडेल बी, हा ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक. माझे काका बोटीवर होते, १९८५ साली इंग्लंडहून परतताना त्यांनी तो आणला होता. सोबत सव्वापाच इंची फ्लॉपीचा ड्राइव्ह आणि वीसेक फ्लॉपी, काकांच्या बारीक अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट.

वीज जोडली तेव्हा आधी जाड आणि मग बारीक आवाज आला, पडद्यावर ओळी उमटल्या. पण शिफ्ट धरून ब्रेक दाबलं, म्हणजे डिस्क बूट (आपोआप सुरू) करायला सांगितलं, तर काहीच होईना. "मामा, आतली चिप गेली असणार. नवी मागवूया?" भाच्याने लगेच निदान केलं. पुढच्या महिन्याभरात मला कळलं ते हे, की चिपा सगळ्या ठीक होत्या आणि बिघाड प्रत्येक वेळी फाइल साठवण्याच्या रीतीत होता. कधी फाइलीच्या ओळी चुकीच्या खुणेने संपत होत्या, कधी तिचा मेमरीतला पत्ता हरवला होता, तर कधी इमेजवर, म्हणजे अख्ख्या डिस्कच्या एका फाइलीतल्या नकलेवर, चुकीचं नाव चढलं होतं. आज आपल्याला फाइल म्हणजे तिच्या आतला मजकूर वाटतो. या मशीनला तेवढ्याने भागत नाही. फाइल डिस्कवर कुठे आहे, मेमरीत कुठे उतरणार आणि कुठून चालू होणार, हे सगळं मिळून तिथे फाइल होते. नक्कल करताना यातलं काहीही गळलं तर बूट अडतं.

हा लेख अशा खोक्यांच्या मालकांसाठी आहे, आणि असे खोके आपल्याकडे वाटतात त्याहून जास्त असावेत. भारत सरकारने १९८४ मध्ये शाळांसाठी 'क्लास' हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा निवडलेलं यंत्र हेच होतं. अकॉर्न कंपनीने १९८१ च्या डिसेंबरात बाजारात आणलेलं, ६५०२ प्रोसेसरवर २ मेगाहर्ट्झने चालणारं, ३२ किलोबाइट मेमरीचं. एखाद्या शाळेच्या कपाटात अजून पडलं असेल तर ते भंगारात घालू नका.

आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. कीबोर्डवर त्या अर्थातच इंग्रजी कॅपिटल अक्षरांत टाकायच्या. ज्या आकड्याआधी '&' आहे तो हेक्साडेसिमल समजा.

वीज जोडण्याआधी

मशीनच्या वीजपुरवठ्याच्या डब्यात, मेन्सच्या बाजूला, फिल्टर कपॅसिटर असतात. चाळीस वर्षांत त्यांच्या कवचाला बारीक तडे जातात, तड्यांतून ओल आत शिरते आणि जोडल्यावर अर्ध्या तासाने धूर व उग्र वास येतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या आपल्या प्रदेशात तर हे गृहीतच धरा. ते कपॅसिटर काढून नवे, एक्स-टू वर्गाचे आणि मूळच्याच मूल्याचे बसवायचे. हा भाग मेन्सचा आहे, तेव्हा सवय नसेल तर टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जाणत्या मेस्त्रींकडे डबा न्या. मी तेच केलं. हे काम होईपर्यंत मशीन चालू करून बघण्याचा मोह आवरा.

टीव्हीची अडचण येत नाही. इंग्लंड आणि भारत दोन्हीकडे पाल पद्धत आहे, आणि आवाज मशीनच्या आतल्याच स्पीकरमधून येतो. ॲनालॉग ट्यूनर असलेल्या टीव्हीवर यूएचएफचा छत्तिसावा चॅनेल शोधा.

पडद्यावरच्या ओळी नीट वाचा

चालू केल्यावर पहिल्या ओळीत 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के', मग डिस्कच्या रॉमचं (कायमचा प्रोग्राम साठवलेल्या चिपचं) नाव, मग 'बेसिक' (मशीनची प्रोग्रामिंगची भाषा) आणि शेवटी '>' अशी खूण दिसली पाहिजे. डिस्कच्या नावाची ओळच नसेल तर डीएफएस, म्हणजे डिस्क हाताळणारी रॉम, बसवलेली नाही किंवा तिचे पाय सॉकेटमध्ये नीट टेकलेले नाहीत. ती नसेल तर मशीन कॅसेटकडे वळतं. लोडची आज्ञा दिल्यावर 'सर्चिंग' असं येऊन ते थांबलं, तर समजायचं की ते टेपची वाट बघतंय. मग फ्लॉपी कितीही चांगली असली तरी तिच्याकडे कोणी बघणार नाही.

*हेल्प दिलं की बसवलेल्या रॉमची यादी येते. ती कागदावर उतरवून ठेवा, कारण सॉकेटचा क्रमांक पुढे दोनदा महत्त्वाचा ठरतो. मशीन रॉमना विचारताना पंधराव्या क्रमांकापासून खाली येतं. वरच्या क्रमांकावर नेटवर्कची रॉम असेल तर तीच ताबा घेते आणि डिस्क बाजूला पडते. अशा मशीनवर डी धरून ब्रेक दाबलं की डिस्क निवडली जाते. तसंच वरच्या सॉकेटमध्ये एखादा वर्ड प्रोसेसर असेल तर मशीन बेसिकऐवजी त्यातच उघडतं, आणि बूट फाइलीतल्या बेसिकच्या आज्ञा त्याला कळत नाहीत. यावर उपाय सोपा आहे: बूट फाइलीची पहिली ओळ कायम *बेसिक ठेवायची. मशीनवर दुसरी रॉम नसली तरी ही ओळ घाला. उद्या कोणी रॉम बसवली तरी डिस्क चालत राहते.

शिफ्ट-ब्रेकने नेमकं काय होतं

शिफ्ट दाबून धरायचं, ब्रेक दाबून सोडायचं आणि मगच शिफ्ट सोडायचं. हा क्रम चुकला तर साधा ब्रेक होतो आणि आपण उगाच डिस्कला दोष देतो.

त्या क्षणी डीएफएस शून्य क्रमांकाच्या ड्राइव्हवरचे पहिले दोन सेक्टर वाचते. सेक्टर २५६ बाइटचा असतो, एका ट्रॅकवर, म्हणजे चकतीवरच्या एका वर्तुळावर, असे दहा. या दोन सेक्टरांत डिस्कचा सगळा कॅटलॉग मावतो: पहिल्यात फाइलींची नावं, दुसऱ्यात त्यांचे पत्ते आणि लांबी. नाव सात अक्षरांचं, शिवाय डिरेक्टरीचं एक अक्षर. एका फाइलीला दोन्ही सेक्टरांत आठ-आठ बाइट मिळतात, म्हणून एका बाजूवर जास्तीत जास्त ३१ फाइली. बत्तिसावी साठवायला गेलात तर डिस्क अर्धी रिकामी असूनही 'कॅट फुल' येतं.

दुसऱ्या सेक्टरच्या सुरुवातीलाच एका बाइटमधल्या दोन बिटांत बूटचा पर्याय लिहिलेला असतो. ० म्हणजे काही करू नका, १ म्हणजे !बूट नावाची फाइल मेमरीत उतरवा, २ म्हणजे ती मशीन कोड म्हणून चालवा, ३ म्हणजे तिच्यातल्या ओळी जणू कोणी कीबोर्डवर टाइप करतंय तशा वाचा (याला एक्झेक म्हणतात).

आमचा पहिला बिघाड इथेच सापडला. मी काकांच्या एका डिस्कवरच्या सगळ्या फाइली एकेक करून कोऱ्या डिस्कवर उतरवल्या होत्या. !बूट फाइलही आली होती. पण बूटचा पर्याय कोणत्याही फाइलीत राहत नाही, तो कॅटलॉगमध्ये राहतो, आणि कोऱ्या डिस्कच्या कॅटलॉगमध्ये तो शून्य होता. *कॅट दिल्यावर वरच्या भागात 'ऑप्शन' म्हणून तो दिसतो, तिथे आधी बघा. शून्य असेल तर *ऑप्ट ४,३ द्या आणि पुन्हा *कॅट करून बदल झाल्याची खात्री करा. डिस्कवर लिहायला बंदी असेल तर हा बदल होणारच नाही. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी आहे का ते पाहा. फाइली एकेक उतरवण्याऐवजी *एनेबल आणि मग *बॅकअप वापरलं असतं तर सेक्टर जसेच्या तसे गेले असते आणि पर्यायही सोबत आला असता.

पर्याय ३ असून 'फाइल सापडली नाही' अशा अर्थाचा संदेश आला तर नाव तपासा. !बूट ही फाइल $ या डिरेक्टरीतच लागते. *डिर देऊन दुसऱ्या अक्षरावर गेला असाल आणि तिथे ती बनवली असेल तर ती यादीत दिसेल, पण बूटच्या वेळी सापडणार नाही. दोन बाजूंच्या ड्राइव्हमध्ये दुसरी बाजू ही मशीनच्या लेखी वेगळा, २ क्रमांकाचा ड्राइव्ह असते. त्या बाजूवरची !बूट कितीही निर्दोष असो, शिफ्ट-ब्रेक तिच्यापर्यंत जात नाही.

ओळ कुठे संपते

या भागात माझे आठ दिवस गेले, म्हणून इथे जरा थांबतो.

!बूट ही फाइल मी लॅपटॉपवर, साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहिली. दोनच ओळी: *बेसिक, आणि चेन "मेनू". (चेन म्हणजे पुढच्या नावाचा प्रोग्राम डिस्कवरून उतरवून चालवा.) इमेज बनवणाऱ्या साधनाने ही फाइल डिस्क इमेजमध्ये घातली, पर्याय ३ लावला. शिफ्ट-ब्रेक केल्यावर दोन्ही ओळी पडद्यावर उमटल्या, दुसरी जरा खालच्या ओळीत आणि उजवीकडे सरकलेली, आणि सगळं तिथेच थांबलं. रिटर्न दाबलं की 'बॅड कमांड'.

मशीनला ओळ संपल्याची एकच खूण कळते: कॅरेज रिटर्न, म्हणजे &०डी. लिनक्स आणि आजचे मॅक ओळीच्या शेवटी फक्त लाइन फीड, म्हणजे &०ए, ठेवतात. बीबीसी मायक्रोच्या लेखी ती फक्त कर्सर एक ओळ खाली नेण्याची खूण आहे. ओळ संपलीच नाही, म्हणून आज्ञाही पाळली जात नाही. दोन्ही आज्ञा एकाच लांबलचक ओळीत चिकटतात. पडद्यावर पायऱ्यांसारखी खाली-उजवीकडे उतरणारी अक्षरं दिसली की दुसरं काही तपासू नका, हेच कारण आहे.

विंडोज दोन्ही खुणा ठेवतं, आधी &०डी मग &०ए. त्यामुळे आज्ञा चालतात आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. पण शेवटच्या ओळीनंतरचा तो जादा &०ए कुठे जातो? चेनने प्रोग्राम सुरू झाला तरी एक्झेकची फाइल अजून संपलेली नसते. प्रोग्रामने पहिल्यांदा एखादी कळ मागितली की हा &०ए तिच्या जागी दिला जातो. 'कोणतीही कळ दाबा' असं लिहिलेलं सूचनांचं पान आपोआप उडून जातं ते यामुळे. काकांच्या एका प्रोग्राममध्ये सुरुवातीला 'हो की नाही' असं विचारलं जायचं, आणि तो दर वेळी न विचारताच 'नाही' धरून पुढे जायचा. कीबोर्डची कळ अडकली असेल म्हणून मी कळा उघडून साफ केल्या होत्या.

म्हणून बूट फाइल मशीनवरच बनवा. *बिल्ड !बूट द्या, ओळींना आकडे येत जातील, प्रत्येक ओळ टाकून रिटर्न दाबा, शेवटच्या रिकाम्या ओळीवर एस्केप. मग *डम्प !बूट देऊन बाइट बघा: ओळीच्या शेवटी ०डी दिसायला हवा, ०ए कुठेच नको. लॅपटॉपवरच करायचं असेल तर ओळीचा शेवट फक्त कॅरेज रिटर्न ठेवण्याची सोय असलेला एडिटर घ्या. जुन्या मॅकची पद्धत म्हणून ती यादीत असते.

मेनू येतो, पण खेळ निवडला की पडदा गोठतो

हे लक्षण दिसलं की फाइलीचे पत्ते तपासायचे. डीएफएस प्रत्येक फाइलीबरोबर दोन पत्ते ठेवते: मेमरीत कुठे उतरवायची आणि कुठून चालू करायची. हे पत्ते फाइलीच्या आत नसतात, कॅटलॉगमध्ये असतात. फाइल लॅपटॉपवर काढली की मजकूर येतो आणि पत्ते मागे राहतात. चांगली साधनं त्यासाठी शेजारी .आयएनएफ नावाची छोटी फाइल बनवतात. आपण ती कचरा समजून पुसतो, आणि फाइल परत डिस्कवर घालताना दोन्ही पत्ते शून्य होतात.

बेसिकच्या प्रोग्रामला याने काही होत नाही, कारण लोड आणि चेन फाइलीचा पत्ता बघतच नाहीत. प्रोग्राम नेहमी 'पेज' या जागी उतरतो. म्हणून बेसिकमधला मेनू छान येतो. पण खेळ मशीन कोडमध्ये असतो. तो *रन केला की ऑपरेटिंग सिस्टिम आणि बेसिक ज्या जागेवर आपले हिशोब ठेवतात त्या मेमरीच्या शून्याव्या पत्त्यावरच तो उतरतो, आणि सगळं जागीच गोठतं.

*इन्फो *.* द्या. नावानंतर क्रमाने उतरण्याचा पत्ता, सुरू होण्याचा पत्ता, लांबी आणि पहिला सेक्टर दिसतो. बेसिक २ ने साठवलेल्या प्रोग्रामचा सुरू होण्याचा पत्ता &८०२३ ने संपतो, त्यावरून बेसिकच्या फाइली चटकन ओळखू येतात. मशीन कोडच्या फाइलीसमोर दोन्हीकडे शून्यं असतील तर मूळ डिस्कवरून किंवा .आयएनएफ फाइलीतून पत्ते मिळवा, *लोड देताना पत्ता सांगून ती उतरवा, आणि *सेव्ह देताना सुरुवात, लांबी व चालू करण्याचा पत्ता तिन्ही सांगून पुन्हा साठवा. मूळ डिस्क नसेल तर आडाख्याने पत्ते बसवण्यात वेळ घालवू नका. त्या खेळाची पूर्ण इमेज शोधणंच शहाणपणाचं.

यादी बरोबर, आतलं सगळं चूक

डिस्क इमेज दोन प्रकारच्या येतात. .एसएसडी एका बाजूची, ८० ट्रॅकची असेल तर पूर्ण लांबी २,०४,८०० बाइट, ४० ट्रॅकची असेल तर १,०२,४००. .डीएसडी दोन बाजूंची, आणि तिच्यात ट्रॅक एकाआड एक लावलेले असतात: पहिल्या बाजूचा शून्यावा ट्रॅक, दुसऱ्या बाजूचा शून्यावा, मग पहिल्या बाजूचा पहिला, असं.

आता कोणी .डीएसडी फाइलीचं नाव बदलून .एसएसडी केलं तर काय होईल? पहिला ट्रॅक दोन्हीत एकाच जागी आहे. कॅटलॉग तिथेच, !बूट बहुधा तिथेच. म्हणजे यादी येते, बूटही सुरू होतं, आणि पुढचा प्रोग्राम उतरताना मधेमधे दुसऱ्या बाजूचे ट्रॅक घुसतात. 'बॅड प्रोग्राम' येतं किंवा मशीन लटकतं. मला पेनड्राइव्हवर मिळालेल्या संग्रहात अशा तीन फाइली होत्या. फाइलीची लांबी २,०४,८०० पेक्षा मोठी असेल तर ती एका बाजूची असूच शकत नाही, नाव काहीही असो. उलट बाजूने, .एसएसडी फाइली बऱ्याचदा शेवटच्या वापरलेल्या सेक्टरनंतर कापलेल्या असतात, तेव्हा लांबी कमी दिसली म्हणून लगेच ती खराब समजू नका.

खऱ्या फ्लॉपीलाही हेच लक्षण लागू होतं, कारण मात्र वेगळं असतं. ४० ट्रॅकची फ्लॉपी ८० ट्रॅकच्या ड्राइव्हमध्ये घातली तर शून्यावा ट्रॅक जुळतो आणि यादी दिसते. पुढच्या ट्रॅकवर जाताना हेड निम्माच सरकतो आणि 'डिस्क फॉल्ट १८' येतो, म्हणजे सेक्टर सापडला नाही. ड्राइव्हच्या मागे ४०/८० चं बटण असेल तर ते फिरवा. वाचायला हरकत नाही, पण त्या फ्लॉपीवर ८० च्या ड्राइव्हमधून लिहू मात्र नका. त्याचं हेड अरुंद असतं, रुंद जुन्या पट्ट्याच्या मधोमध अरुंद नवा पट्टा उमटतो आणि पुढे ४० चा ड्राइव्ह तो नीट वाचू शकत नाही.

फ्लॉपीऐवजी गोटेक, म्हणजे फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारं पेनड्राइव्हचं उपकरण, वापरत असाल तर पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, आणि फ्लॅशफ्लॉपी या त्याच्यातल्या सॉफ्टवेअरच्या एफएफ.सीएफजी फाइलीत 'होस्ट' समोर 'अकॉर्न' लिहा. ते लिहिलं नाही तर त्याला या इमेजची मांडणी कळत नाही. मागचा जंपर एस० वर हवा, कारण बूट फक्त शून्य क्रमांकाच्या ड्राइव्हवरून होतं.

&१९०० ची भिंत

कॅसेटवरचे प्रोग्राम डिस्कवर आणले की आणखी एक अडचण उभी राहते. कॅसेटच्या मशीनवर प्रोग्राम &ई०० या पत्त्यापासून सुरू होतो. डिस्कची रॉम बसली की ती स्वतःच्या कामासाठी मेमरीचा तुकडा घेते आणि पेज &१९०० वर सरकतं. मोड १ किंवा २ मध्ये (मोड म्हणजे पडद्याच्या मांडणीचा प्रकार) पडदा &३००० पासून वरची जागा घेतो. म्हणजे कॅसेटवर प्रोग्रामला ८,७०४ बाइट मिळत होते, डिस्कवर ५,८८८ उरतात. फाइल तीच, मशीन तेच, पण 'बॅड मोड' किंवा 'नो रूम'.

उपाय असा, की प्रोग्राम आधी &१९०० वर उतरवायचा, मग टेपवर जायचं म्हणजे डिस्कची जागा मोकळी होते, मग प्रोग्राम खाली &ई०० वर सरकवायचा. मी या आज्ञा सरळ !बूट फाइलीत लिहिल्या आणि *टेपपाशी सगळं थांबलं. कारण उघड होतं, मला उशिरा दिसलं: *टेप दिलं की डिस्कची व्यवस्था बाजूला होते आणि जाताना आपली उघडी एक्झेक फाइल बंद करते. ज्या फाइलीतून मशीन आज्ञा वाचत होतं तीच बंद झाली, मग पुढच्या ओळी वाचणार कोण?

म्हणून *टेपपासूनच्या आज्ञा फंक्शन कळीत भरायच्या, कारण कळीतला मजकूर मेमरीत राहतो. !बूटची मांडणी अशी ठेवा. पहिली ओळ *बेसिक. दुसरी ओळ *की ० आणि तिच्यात क्रमाने: *टेप; मग फॉर-नेक्स्टचं चक्र, आय% शून्यापासून 'टॉप वजा पेज' पर्यंत चार-चारच्या पायरीने, दर फेरीला पेज अधिक आय% इथले चार बाइट &ई०० अधिक आय% इथे; मग पेज=&ई००; मग ओल्ड; मग रन. प्रत्येक आज्ञेनंतर उभी रेघ आणि लगेच एम हे अक्षर, ती रिटर्नची खूण. मोड ७ मध्ये ही उभी रेघ दुहेरी उभी रेघ दिसते, गोंधळू नका. तिसरी ओळ लोड आणि प्रोग्रामचं नाव. चौथी आणि शेवटची *एफएक्स १३८,०,१२८, जी शून्य क्रमांकाची लाल कळ आपल्या वतीने दाबते. ही ओळ शेवटचीच हवी. प्रोग्राम चालू असताना पुन्हा डिस्क वाचायचा असेल, म्हणजे टप्प्याटप्प्याने उतरणारा खेळ असेल, तर ही युक्ती चालत नाही.

सलग जागेचा हट्ट

डीएफएसवर प्रत्येक फाइल सलग सेक्टरांतच बसते. मधली फाइल पुसली तर तेवढंच भोक राहतं. दहा भोकांत मिळून ५० किलोबाइट रिकामे असले तरी २० किलोबाइटची फाइल 'डिस्क फुल' म्हणून परत येते. *कॉम्पॅक्टने फाइली पुढे सरकून भोकं शेवटी एकत्र होतात. पण हे काम करताना मशीन मेमरीतली प्रोग्रामची जागा वापरतं, तेव्हा मेमरीतला प्रोग्राम आधी साठवून घ्या. वीज जाण्याची शक्यता असेल तेव्हा *कॉम्पॅक्ट करू नका. मधेच वीज गेली तर कॅटलॉग एक सांगेल आणि सेक्टर दुसरंच. आमच्याकडे जूनच्या पहिल्या पावसात दिवसातून चारदा करंट जातो, त्या दिवसांत मी हे काम हातातच घेत नाही.

याच हट्टाचं दुसरं रूप म्हणजे 'कान्ट एक्स्टेंड'. प्रोग्राम सुरू होताना गुणांची फाइल उघडून वाढवायला जातो, आणि तिच्या लगेच पुढे दुसरी फाइल खेटून बसलेली असते. नवी फाइल ओपनआउटने उघडली तर डीएफएस सुरुवातीलाच ६४ सेक्टर, म्हणजे १६ किलोबाइट, राखून ठेवते. पण आपण सगळं नीटनेटकं *कॉम्पॅक्ट केलं की ती राखीव जागा जाते. वाढणारी फाइल कॉपी करताना शेवटी करा, म्हणजे तिच्यापुढे मोकळी जागा राहील.

गंमत म्हणजे हाच हट्ट आजच्या एसडी कार्डावरही निघतो. एमएमएफएस, म्हणजे एसडी कार्डासाठीची डीएफएससारखी रॉम, वापरून कार्ड जोडलं असेल तर त्यावर बीब.एमएमबी नावाची एकच मोठी फाइल असते, ५११ डिस्क पोटात घेणारी, १०,४६,६०,९९२ बाइटची. एमएमएफएस ती कार्डावर सलग पसरलेली आहे असं धरून चालते. तुकड्यांत विखुरलेली फाइल जोडून वाचणं तिच्या छोट्या रॉममध्ये बसत नाही. लॅपटॉपला मात्र तुकड्यांचं काही वाटत नाही. कार्डावरचे फोटो पुसून त्यावर ही फाइल टाकली तर ती भोकांत विभागली जाऊ शकते: पहिल्या काही डिस्क चालतात, पुढच्या क्रमांकांवर कचरा येतो. कार्ड रिकामं फॉरमॅट करा, ही फाइल सर्वात आधी टाका, आणि ती बदलायची झाली तर पुसून परत टाकण्याऐवजी पुन्हा फॉरमॅट करूनच टाका. *डीकॅटने यादी बघा आणि *डीबूट पुढे क्रमांक देऊन हवी ती डिस्क बूट करा.

काकांच्या फ्लॉपी

खऱ्या फ्लॉपी असतील तर हे सगळं करण्याआधी त्यांच्याकडे बघा. खिडकीतून चकती हळू फिरवत उजेडात धरा. पांढरे ठिपके किंवा जाळीसारखा थर दिसला तर ती बुरशी आहे, आणि तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालायची नाही. बुरशी हेडला चिकटते आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडून टाकते. बाहेरचं आवरण एका कडेने उघडून चकती बाहेर काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ कापडाने मधून कडेकडे हलके पुसा, पूर्ण सुकू द्या आणि दुसऱ्या कोऱ्या फ्लॉपीच्या आवरणात घाला. प्रत्येक फ्लॉपीनंतर ड्राइव्हचं हेडही पुसा. लिहिण्याच्या खाचेवर चिकटपट्टी आधी लावायची, पुसापुशी नंतर.

पहिल्या वाचनातच पूर्ण इमेज काढा, कारण दुसरं वाचन मिळेलच असं नाही. ग्रीझवीझल हे छोटं यूएसबी उपकरण चुंबकीय सिग्नल जसाच्या तसा टिपतं, त्यामुळे एखादा सेक्टर वाचता आला नाही तरी बाकी सगळं हाती राहतं. हे काम मार्च ते मेमध्ये उरका. आमच्या वीस फ्लॉपींपैकी सतरा पूर्ण वाचल्या गेल्या, दोन अर्ध्या, एक गेलीच. इमेज आता तीन ठिकाणी आहेत, .आयएनएफ फाइलींसकट. मूळ फ्लॉपी सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात, तांदळाच्या पिंपाशेजारच्या कोरड्या फडताळात ठेवल्या आहेत, आणि पुड्या रंग बदलल्या की भाचाच आठवणीने त्या उन्हात घालतो.